दंतवैद्याला सर्व काही सांगा

दात दुखू लागला की आपण प्रथम लवंग शोधतो, मग घरात उरलेली वेदनाशामक गोळी. आणि दोन रात्री जागून काढल्यावर दंतवैद्याचा दवाखाना गाठतो. तेथे खुर्चीत बसल्यावर तोंड उघडतो ते केवळ दात दाखविण्यासाठी. वस्तुतः ते आधी बोलण्यासाठी उघडावयास हवे. आपले जुने आजार व चालू औषधे यांचा दातांशी काय संबंध, अशा समजुतीने अनेक रुग्ण त्यांविषयी बोलतच नाहीत. हा संबंध किती निकटचा आहे हे सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू.

रक्त पातळ करणारी औषधे

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेल्या रुग्णास अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या गोळ्या घ्याव्या लागतात. दात काढावयाचा म्हणून काही मंडळी त्या परस्पर बंद करतात. हे अत्यंत धोक्याचे आहे. दाताच्या खाचेतील रक्तस्राव बोळ्याचा दाब देऊन किंवा टाका घालून थांबविता येतो; स्टेंटमध्ये झालेली गुठळी मात्र प्राणावर बेतते. साधा दात काढण्यासाठी या गोळ्या सहसा बंद कराव्या लागत नाहीत. वॉरफरीन अथवा अॅसिट्रोम घेणाऱ्यांनी आयएनआर ही रक्ततपासणी एकदोन दिवस आधी करून अहवाल सोबत आणावा. गोळी थांबविण्याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ व दंतवैद्य यांनी मिळून घ्यावयाचा असतो, रुग्णाने नव्हे.

हृदयाची झडप

दात काढताना तोंडातील जंतू रक्तात शिरतात. निरोगी माणसास त्याचा उपद्रव होत नाही. परंतु कृत्रिम झडप असलेल्या, किंवा हृदयाच्या अंतःस्तरास पूर्वी जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णास तो घातक ठरू शकतो. अशांना उपचारापूर्वी सुमारे अर्धा ते एक तास प्रतिजैविक दिले जाते. पूर्वी ही खबरदारी पुष्कळ हृदयरुग्णांसाठी घेतली जाई. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ साली ती सर्वाधिक धोका असलेल्यांपुरती मर्यादित केली. म्हणून जुनी चिठ्ठी पाहून स्वतःच औषध घेऊ नये, आणि झडपेची शस्त्रक्रिया झाली असल्यास ते सांगावयास विसरू नये.

मधुमेह आणि हाडांची औषधे

मधुमेही रुग्णाने दात काढण्यासाठी उपाशीपोटी येऊ नये. हिरडीत टोचून दिलेल्या भुलीसाठी उपवास लागत नाही. उलट, साखर उतरून भोवळ येण्याचा संभव असतो. सकाळची वेळ घ्यावी, न्याहारी व नेहमीचे औषध घेऊन यावे. साखर वाढलेली असता जखम उशिरा भरते आणि हिरड्यांचे विकार बळावतात; तसेच हिरड्यांची दीर्घकाळची सूज साखर आटोक्यात ठेवणे अवघड करते.

हाडांच्या ठिसूळपणावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी, क्वचित का होईना, दात काढल्यानंतर जबड्याचे हाड भरून येत नाही. यांतील एक इंजेक्शन वर्षातून एकदाच घ्यावयाचे असल्याने रुग्णास त्याचे स्मरणही राहत नाही. ते आवर्जून सांगावे. शक्यतो असे औषध सुरू होण्यापूर्वीच दात तपासून घ्यावेत. गर्भवती स्त्रियांनीही तसे सांगावे. त्यांच्यासाठी मधले तीन महिने सोयीचे असले, तरी तातडीचा उपचार कोणत्याही महिन्यात टाळू नये.

सुपारीची सवय

वरचा दात काढल्याने दृष्टी जाते, हा समज निराधार आहे. दृष्टीची नस अगदी वेगळी असते. खरी भीती बाळगावी ती सुपारी आणि तंबाखूची. मध्य प्रदेशात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारीची सवय सुटलेली नाही. तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तिखट सोसत नसेल, किंवा एखादा व्रण तीन आठवड्यांत भरला नसेल, तर तो दंतवैद्यास त्वरित दाखवावा. संकोचाने व्यसन लपविण्यात आपलेच अहित आहे.

घरातील ज्येष्ठांचे आजार, शस्त्रक्रिया, चालू औषधे व न सोसणारी औषधे यांची एक चिठ्ठी करून पाकिटात ठेवावी. आमच्या व्यवसायबंधूंनाही विनंती, की रुग्णास दंतवैद्याकडे पाठविताना चार ओळी लिहून द्याव्यात. त्या चार ओळी एखाद्याचा जीव वाचवू शकतात.