कर्करोगोपचारातील जोडीदाराची शुश्रूषा

कर्करोगोपचारातील जोडीदाराची शुश्रूषा म्हणजे कर्करोग झालेल्या पतीची वा पत्नीची, निदानापासून उपचार संपेपर्यंत आणि त्यानंतरच्या तपासण्यांच्या काळात, दुसऱ्या जोडीदाराने घेतलेली काळजी होय. रुग्णालयात सोबत जाणे, कागदपत्रे सांभाळणे, औषधे व आहार यांवर लक्ष ठेवणे, पैशांची तजवीज करणे आणि रुग्णाचे मन राखणे ही कामे तीत येतात. तिला वेतन नसते, प्रशिक्षण नसते आणि बहुधा पूर्वसूचनाही नसते. रुग्णालयाच्या व्यवहारात अशा व्यक्तीस 'नातेवाईक' एवढेच म्हटले जाते.

जोडीदाराचे स्थान

२०१३ साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात अमेरिकेतील सात लाखांहून अधिक कर्करुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विवाहित रुग्णांत रोग शरीरभर पसरल्यावर निदान होण्याचे प्रमाण अविवाहितांपेक्षा कमी, पूर्ण उपचार मिळण्याचे प्रमाण अधिक आणि कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण कमी असल्याचे त्यात आढळले. विवाह हे काही औषध नव्हे. तपासणीचा आग्रह धरणारे आणि उपचाराची तारीख चुकू न देणारे माणूस घरात असणे, हे यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते.

याची दुसरी बाजू तितकी सुखद नाही. २००९ साली 'कॅन्सर' या नियतकालिकात गंभीर आजाराच्या ५१५ विवाहित अमेरिकी रुग्णांचा अभ्यास आला. रुग्ण पुरुष असताना घटस्फोट वा विभक्त होण्याचे प्रमाण २.९ टक्के, तर रुग्ण स्त्री असताना ते २०.८ टक्के होते. हे आकडे जसेच्या तसे भारतीय कुटुंबांना लावता येणार नाहीत. मात्र आजारी पडलेल्या स्त्रीची शुश्रूषा करण्याची सवय पुरुषांना कितपत असते, हा प्रश्न येथेही गैरलागू नाही.

निदान आणि कागदपत्रे

बायोप्सी, स्कॅन आणि रोगाची अवस्था ठरवणे यांत बरेच दिवस जातात. मोठ्या रुग्णालयांत शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ व औषधोपचारतज्ज्ञ एकत्र बसून उपचारांची दिशा ठरवतात. या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. पहिल्या भेटीत 'कर्करोग' हा शब्द ऐकल्यानंतर डॉक्टर पुढे काय बोलले, ते रुग्णाच्या लक्षात राहतेच असे नाही. त्यामुळे जोडीदाराने वही जवळ ठेवून प्रश्न आधी लिहून नेणे आणि उत्तरे तेथेच टिपून घेणे उपयुक्त ठरते.

रुग्णालय बदलताना केवळ अहवाल नेणे पुरेसे नसते. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणातील ऊतींचे ठोकळे, म्हणजे स्लाइड व ब्लॉक, पहिल्या प्रयोगशाळेतून मागून घ्यावे लागतात, कारण नवे रुग्णालय सहसा ते पुन्हा तपासते. ते वेळेवर न मिळाल्यास एक खेप वाया जाते.

रुग्णाला सांगावे की नाही

भारतीय कुटुंबांत रोगाचे नाव रुग्णापासून दडवण्याची प्रथा अजून टिकून आहे. 'त्यांना सांगू नका' ही विनंती डॉक्टरांना अनेकदा ऐकावी लागते. हेतू प्रेमाचा असला तरी केस गळू लागल्यावर आणि वॉर्डाच्या दारावरील पाटी वाचल्यावर रुग्णाला सारे कळतेच. मग दोघेही एकमेकांपासून लपवत राहतात आणि एकाच घरात एकटे पडतात. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. २००८ साली समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान रुग्णाऐवजी नातेवाइकाने दिलेली संमती ग्राह्य धरली नाही.

केमोथेरपीचे दिवस

केमोथेरपीची अनेक चक्रे २१ दिवसांची असतात. प्रत्यक्ष औषध काही तासांत जाते. परंतु रक्ततपासणी, अहवाल, डॉक्टरांची भेट आणि औषधाची रांग यांत दिवस सरतो. जोडीदाराचे खरे काम घरी आल्यावर सुरू होते. औषधानंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या काळात ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक ताप ही तातडीची बाब समजली जाते. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे धोक्याचे ठरू शकते. मध्यरात्र असली तरी रुग्णालयाशी संपर्क साधावा लागतो. म्हणून तापमापक आणि रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक हाताशी असणे आवश्यक असते.

औषधाचे अंश सुमारे ४८ तास लघवी, शौच व उलटीतून बाहेर पडतात. तेवढा काळ रुग्णाचे मळलेले कपडे हातमोजे घालून हाताळावेत, असे सांगितले जाते. हात धरण्यास किंवा शेजारी बसण्यास मात्र कसलीही आडकाठी नाही; कर्करोग संसर्गजन्य नाही. उपचारकाळात गर्भधारणा टाळावी लागते.

जेवण हे भांडणाचे नेहमीचे निमित्त होते. चव बदलते, तोंड येते आणि एरवी आवडणारा फोडणीचा वास असह्य होतो. अशा वेळी मऊ भात, मुगाचे वरण किंवा नाचणीची पेज थोडी थोडी, अनेक वेळा दिलेली चालते. ताटभर वाढून 'खाल्लेच पाहिजे' म्हणून बसणारा जोडीदार आपली भीतीच व्यक्त करत असतो. रुग्णाला मात्र ती सक्ती वाटते. शेजाऱ्यांनी सुचवलेले काढे डॉक्टरांना सांगितल्याखेरीज देऊ नयेत, कारण काही वनस्पतींचा औषधांच्या परिणामात अडथळा येऊ शकतो.

परगावचा मुक्काम

किरणोपचार सहसा आठवड्यातून पाच दिवस, कित्येकदा पाच ते सात आठवडे चालतात. दररोजचा उपचार काही मिनिटांचा असतो. पण त्यासाठी दांपत्याला शहरात राहावे लागते. मुंबईतील परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांचा व त्यांच्या नातेवाइकांचा जुना आधार आहे. रेल्वे कर्करुग्णाला आणि सोबतच्या एका व्यक्तीला भाड्यात सवलत देते. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. ही माहिती रुग्णालयातील समाजसेवा विभागात मिळते, परंतु तेथे विचारायला जाणेही जोडीदाराकडेच असते.

जोडीदाराची प्रकृती

शुश्रूषा करणाऱ्याची झोप मोडते, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या राहून जातात, रजा संपते. शुश्रूषेचा भार मोजण्यासाठी १९८० साली तयार झालेली झारिट प्रश्नावली कर्करुग्णांच्या कुटुंबांसाठीही वापरली जाते. मदत मागण्यात कमीपणा मानला जातो, ही आणखी एक अडचण. भावजय वा शेजारी 'काही लागले तर सांगा' म्हणतात, तेव्हा 'गुरुवारी दुपारी चार तास यांच्याजवळ बसाल का' असे नेमके काम सांगितल्यास मदत बहुधा मिळते.

प्रशामक उपचार

वेदना, धाप व अस्वस्थता कमी करणाऱ्या उपचारांना प्रशामक उपचार म्हणतात. ते केवळ अखेरच्या दिवसांसाठी नसून रोगावरील उपचारांबरोबरही दिले जातात. मॉर्फिन सुरू झाले म्हणजे आशा संपली, असा समज घरोघरी आढळतो आणि त्यापायी गोळ्या कपाटात पडून राहतात. २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन अशा औषधांची उपलब्धता सुलभ करण्यात आली. मॉर्फिन डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळांना द्यावे लागते. दुखणे असह्य होण्याची वाट पाहायची नसते. त्याने बद्धकोष्ठ होत असल्याने सोबत रेचकही दिले जाते.