जुन्या संगणकाचा बिनतारी संपर्क : दोष व उपाय

सातबाराचा उतारा, पीक विम्याचा अर्ज, अनुदानासाठी नोंदणी ही कामे आता संगणकावरून होतात. गावच्या सहकारी सोसायटीत किंवा शेतकरी गटाच्या कार्यालयात त्यासाठी पुष्कळदा एक जुना, टेबलावर कायम मांडलेला संगणक असतो व त्याला वाय-फायचे लहानसे यंत्र (अ‍ॅडॅप्टर) मागाहून जोडलेले असते. अर्जाची मुदत संपत आलेली असते, सभासद खोळंबलेले असतात, आणि नेमका त्याच वेळी संपर्क तुटून अर्धा भरलेला अर्ज नाहीसा होतो. असे दोनचार वेळा घडले की संगणक निकामी ठरतो व नव्याच्या खरेदीची भाषा सुरू होते. वास्तविक दोष पुष्कळदा संगणकात नसतो. असला तरी अल्प खर्चात दूर होण्याजोगा असतो. रोग न ओळखता औषध फवारणे जसे व्यर्थ, तसेच दोषाचे स्थान न ठरविता यंत्रे बदलणेही व्यर्थ होय.

लक्षणे ओळखणे

संपर्क बंद पडण्याचे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात संगणक चालू राहतो, पण वाय-फाय तुटते. दुसऱ्यात वाय-फाय जोडलेले दिसते, परंतु संकेतस्थळे उघडत नाहीत. तिसऱ्यात सगळा संगणकच गोठतो, निळा पडदा दाखवितो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. तिन्हींची कारणे भिन्न असल्याने कोणता प्रकार घडला, किती वाजता घडला व त्या वेळी कोणते काम चालू होते, हे वहीत टिपून ठेवावे.

दोषाचे स्थान

संपर्क तुटताच एक मोबाइल संगणकाशेजारी धरावा, त्याचा स्वतःचा डेटा बंद करावा व तो त्याच राउटरला जोडावा. मोबाइलवरही काही उघडत नसेल, तर दोष राउटरमध्ये किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये आहे. संगणकाला हात लावण्याचे कारण नाही. वीजदाब खाली जाऊन राउटर बंद पडतो व पुन्हा सुरू होतो काय, हे त्याच्या दिव्यांवरून कळते. तसे असल्यास त्याला बॅटरीचा आधार द्यावा. मोबाइल नीट चालत असेल, तर मात्र दोष संगणकाच्या बाजूस शोधावा.

लहरींना होणारा अडथळा

अ‍ॅडॅप्टर बहुधा संगणकाच्या पाठीमागे खोचलेला असतो. पुढे पत्र्याची पेटी, मागे भिंत व शेजारी लोखंडी कपाट अशा स्थितीत लहरी क्षीण होतात. शिवाय, अनेक जुने अ‍ॅडॅप्टर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि यूएसबी ३.० ची जोडणी याच पट्ट्यात गोंगाट निर्माण करते. ही खाच पुष्कळदा आतून निळ्या रंगाची असते. म्हणून अ‍ॅडॅप्टर निळ्या खाचेपासून दूर, यूएसबी २.० च्या खाचेत लावावा. शक्य तर एक मीटरची जोडतार घेऊन तो टेबलावर उंच व मोकळ्या जागी ठेवावा. आसपास पुष्कळ राउटर असल्यास २.४ गिगाहर्ट्झसाठी १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीची वाहिनी निवडावी; या तीन वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत.

वीजबचत व ड्रायव्हर

थोडा वेळ काम थांबले की संपर्क तुटत असेल, तर वीजबचतीचा संशय घ्यावा. विंडोज प्रणालीत डिव्हाइस मॅनेजर उघडून त्या अ‍ॅडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर, वीज वाचविण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण असते. ती काढून टाकावी.

अ‍ॅडॅप्टर चालविणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. प्रणालीची सुधारणा झाल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर आधीचा ड्रायव्हर परत बसवावा. नवा हवा असल्यास त्याच प्रतिमानाचा व उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून घ्यावा.

संगणकच बंद पडत असल्यास

अ‍ॅडॅप्टर काढून एक दिवस नेहमीचे काम करावे. त्रास थांबला तर अ‍ॅडॅप्टर किंवा त्याचा ड्रायव्हर दोषी आहे. तो दुसऱ्या संगणकावर लावून खात्री करावी. त्रास चालूच राहिला, तर धुळीने तापणारी पेटी, सैल बसलेली मेमरी अथवा थकलेला वीजपुरवठा यांकडे पाहावे. पेटी उघडण्यापूर्वी वीज बंद करून तार काढावी. वीजपुरवठ्याचा डबा मात्र उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यात धोकादायक भार शिल्लक राहू शकतो.

तारखेचा दोष

वाय-फाय जोडलेले आहे, पण सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, अशा वेळी प्रथम संगणकाची तारीख पाहावी. मदरबोर्डावरील घड्याळाचा सेल संपला की तारीख मागे जाते आणि संकेतस्थळाचे प्रमाणपत्र संगणकाला खोटे वाटू लागते. हा सेल बहुतेक संगणकांत सीआर २०३२ या जातीचा, ३ व्होल्टचा असतो व अल्प किमतीत मिळतो.

कायमचा उपाय

जागचा न हलणाऱ्या संगणकास बिनतारी संपर्काची गरजच नसते. राउटर त्याच इमारतीत असल्यास नेटवर्कची तार ओढून घ्यावी. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते. तिच्यामुळे लहरी, अ‍ॅडॅप्टर व त्याचा ड्रायव्हर हे तिन्ही प्रश्न एकदम मिटतात.

मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. विंडोज ७ चे नियमित पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. सुरक्षेच्या सुधारणा न मिळणाऱ्या संगणकावर संपर्क कितीही टिकला, तरी सभासदांचे आधार क्रमांक व बँकखात्यांचे व्यवहार हाताळणे योग्य नव्हे. अशा वेळी प्रणाली बदलणे किंवा नवा संगणक घेणे हाच मार्ग होय.

इतर सर्व प्रसंगी एका वेळी एकच बदल करावा, एक दिवस वाट पाहावी व परिणाम वहीत नोंदवावा. चार बदल एकदम केले, तर कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही आणि पुढच्या हंगामात तोच त्रास पुन्हा नव्याने शोधावा लागतो. ही तपासणी हंगामापूर्वीच उरकून घेतली, तर मुदतीच्या अखेरच्या दिवशी एकाही सभासदास अर्जावाचून परत जावे लागणार नाही.