चूर्णकक्षातील धूळ

औषधनिर्मितीतील अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर भट्टी, पुटाचा खड्डा किंवा उकळते तैल येते. चूर्णकक्षाविषयी मात्र आपण निर्धास्त असतो. हा निर्धास्तपणा किती महाग पडू शकतो, हे अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथे दिसून आले. ७ फेब्रुवारी २००८ रोजी तेथील साखर शुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १४ कामगार मृत्युमुखी पडले. बॉयलर फुटला नव्हता, वायूही गळला नव्हता. स्फोट साखरेच्या धुळीचा होता.

साखर दूषित होऊ नये म्हणून वाहक पट्ट्यावर आदल्या वर्षी पोलादी आवरण बसविण्यात आले होते. हेतू चांगलाच; परंतु त्या बंदिस्त पोकळीत धूळ साठत गेली आणि बहुधा तापलेल्या बेअरिंगमुळे ती पेटली. या पहिल्या धक्क्याने तुळयांवर व जमिनीवर साचलेली धूळ उधळली, तीही पेटली आणि स्फोटांची मालिकाच सुरू झाली. लहानसहान आगी तेथे पूर्वीही लागल्या होत्या. त्यांतून कोणी बोध घेतला नाही.

सितोपलादीच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर असते, हे आपणांस सांगावयास नको. यष्टीमधु, हरिद्रा, शतावरी यांची सूक्ष्म चूर्णेही ज्वलनशीलच. शंखभस्म कितीही उधळले तरी पेटत नाही (ते आधीच जळून चुकलेले असते!), गंधक मात्र अल्पशा ठिणगीनेही पेट घेतो. तो पल्व्हरायझरमध्ये दळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या पाहण्यातील अनेक फार्मसींत यंत्र स्वच्छ असते, पण पंख्याची पाती, ट्यूबलाइटची पट्टी व छताच्या कैच्या यांवर बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर असतो. हवेच्या नळीने तो उडविणे सर्वांत वाईट, कारण त्यामुळे स्फोटास लागणारा धुळीचा ढग आपणच तयार करतो. वीज बंद करून ओलसर फडक्याने तो टिपून घ्यावा. द्रव्यात खिळा वा तार राहू नये म्हणून यंत्राच्या मुखाशी चुंबक बसवावे. अर्थिंग तपासून घ्यावे. बेअरिंग तापू लागल्यास किंवा पट्टा जळल्याचा वास आल्यास यंत्र बंद करण्याचा अधिकार कामगारास असावा. मालक येईपर्यंत त्याने थांबू नये.

पोर्ट वेंटवर्थच्या कामगारांना संकटसमयी बाहेर पडण्याचा सराव दिलेला नव्हता. आपल्याकडे चूर्णकक्षाचे दुसरे दार पुष्कळदा पोत्यांच्या थप्पीमागे दडलेले असते. ती थप्पी आजच हलवावी.