मोरोक्कन हॉटेलात पहिल्यांदा जाताय?

गेल्या शुक्रवारी पॅरिसमधल्या एका मोरोक्कन हॉटेलात शेजारच्या टेबलावर मराठी कुटुंब भेटलं. मेन्यू हातात, पण मागवायचं काय ते ठरेना. त्यांना जे सांगितलं, तेच इथे लिहितोय.

ताजीन हे मुळात भांड्याचं नाव. मातीचं पसरट भांडं, वर शंकूसारखं उंच झाकण. वाफेचं पाणी होऊन ते परत खाली उतरतं, म्हणून थोड्या पाण्यात, मंद आचेवर मटण अगदी मऊ शिजतं. पहिल्यांदा चिकन, खारवलेलं लिंबू आणि ऑलिव्ह घातलेलं ताजीन मागवा. त्या लिंबाची चव आपल्या उपासाच्या लोणच्याची आठवण करून देते.

कुसकुस म्हणजे रव्याचे वाफवलेले बारीक दाणे. खाली रस्सा उकळतो, वरच्या चाळणीत त्याच वाफेवर दाणे फुलतात. मोरोक्कोत हा खास शुक्रवारचा बेत! २०२० साली युनेस्कोने मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानियाच्या या परंपरेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

शाकाहारी मंडळींनो, भाज्यांच्या कुसकुसचा रस्साही अनेकदा मटणाबरोबर शिजवलेला असतो. आधी विचारून घ्या. वांगी-टोमॅटोचं झालूक मात्र बिनधास्त मागवा, आपल्या भरताचं भावंडच ते. पावाच्या तुकड्याने उचलून खायचं.

शेवटी पुदिन्याचा चहा हवाच. हिरवा चहा, ताजा पुदिना, भरपूर साखर. किटली उंच धरून ओततात, म्हणजे पेल्यात छान फेस येतो.

तुम्ही काय काय चाखलंय? काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, माहीत असेल ते नक्की सांगेन.