न्याहाळकांची चढाओढ

निपाणीच्या परिसरातील मंडळींना मक्तेदारी म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. तंबाखू शेतात पिकली तरी तिचा भाव शेतात ठरत नसे. तो वखारीत ठरे. माल घेणारे हात मोजके आणि माल दुसरीकडे नेण्याची सोय नाही, असे झाले म्हणजे विकणाऱ्याच्या ‘नको’ म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. याच गाऱ्हाण्यातून १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी महामार्गावर येऊन बसले, आणि ६ एप्रिलला झालेल्या गोळीबारात काहींना प्राण गमवावे लागले. आज एका अगदी निराळ्या बाजारपेठेविषयी बोलताना त्या प्रसंगाचे स्मरण होते. या बाजारात वखार नाही, तराजू नाही आणि गिऱ्हाइकाकडून पैसाही घेतला जात नाही. म्हणूनच तेथील मक्तेदारी चटकन डोळ्यांत भरत नाही.

ही बाजारपेठ ब्राउजरची. मराठीत त्याला ‘न्याहाळक’ असे एक चांगले नाव मिळाले आहे, पण ते बोलण्यात रुळले नाही. इंटरनेटवरील पान आपल्याकडे येते ते तयार चित्राच्या रूपाने नव्हे, तर सूचनांच्या रूपाने येते: येथे मथळा, येथे परिच्छेद, हा ठसा, हा रंग. त्या सूचना वाचून पडद्यावर पान उभे करणारा जो कारागीर, तो ब्राउजर. त्याच्या पोटात एक यंत्रणा असते. तिलाच ‘इंजिन’ म्हणतात. दोन ब्राउजरांची इंजिने निराळी असली की तेच पान एकात नीटनेटके, तर दुसऱ्यात विस्कटलेले दिसू शकते.

याचा अनुभव मराठी वाचकाला फार लवकर आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ बाहेर काढला. त्या वेळी मैदान ‘नेटस्केप’ या कंपनीच्या ब्राउजरचे होते. पुढे मराठी वृत्तपत्रे इंटरनेटवर येऊ लागली, तेव्हा देवनागरीचा सर्वमान्य संगणकीय संकेत वापरात रुळलेला नव्हता. जो तो आपापला ठसा वापरी. वाचकाच्या यंत्रात तो ठसा नसला की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. यावर तोड म्हणून पानाबरोबरच ठसा पाठविण्याची युक्ती निघाली. परंतु नेटस्केपची रीत एक आणि मायक्रोसॉफ्टची दुसरी! म्हणजे एकच मराठी पान दोघांना दाखवावयाचे तर ठशाच्या दोन फायली तयार कराव्या लागत. पुष्कळांनी एकच केली, आणि पान अमुक ब्राउजरमध्येच पाहावे अशी पाटी लावून ते मोकळे झाले. पाटी बहुधा एक्सप्लोररची असे, कारण तो विंडोजबरोबर फुकट आणि आपसूक येई.

या ‘आपसूक’ शब्दातच सारी गोम आहे. ब्राउजर निवडला जातो तो गुणांवरून थोडा आणि तो आधीच समोर ठेवलेला असतो म्हणून अधिक. अमेरिकन सरकारने आणि तेथील अनेक राज्यांनी १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, तो याच मुद्द्यावर. २००० मध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी वरिष्ठ न्यायालयाने तो रद्द केला, पण मक्तेदारी टिकविण्यासाठी गैर मार्ग वापरल्याचा ठपका कायम ठेवला. तोवर नेटस्केपचा निकाल लागला होता. प्रतिस्पर्धी संपल्यावर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. २००१ मध्ये एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली. सातवीसाठी २००६ उजाडावे लागले. पाच वर्षे जगातील बहुतेक वाचक त्याच जुन्या खिडकीतून पाहत राहिले. मधल्या काळात, २००४ मध्ये, नेटस्केपच्या राखेतून ‘फायरफॉक्स’ निघाला. कंपनीने बुडता बुडता आपली सारी संहिता जगाला खुली करून दिली होती, म्हणून हे घडले.

गुगलचा ‘क्रोम’ २००८ मध्ये आला. तो चपळ होता, यात वाद नाही. आज जगातील सुमारे दोनतृतीयांश वापर त्याच्यावर चालतो. भारतात हे प्रमाण त्याहूनही अधिक आहे. शिवाय ऑपेराने २०१३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या ‘एज’ने २०२० मध्ये स्वतःचे इंजिन टाकून क्रोमचेच घेतले. दुकानांच्या पाट्या अनेक, पण माल एकाच गिरणीचा. वेगळी म्हणावीत अशी मोठी इंजिने आता दोनच उरली: फायरफॉक्सचे आणि ॲपलच्या ‘सफारी’चे. त्यातही फायरफॉक्सच्या संस्थेचे बहुतेक उत्पन्न गुगलकडूनच येते, शोधयंत्र म्हणून गुगलला अग्रस्थान दिल्याबद्दल. प्रतिस्पर्ध्याच्या अन्नावर जगणाऱ्या मल्लाने कुस्ती कितपत मारावी, हा प्रश्नच आहे.

आपल्या स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अँड्रॉइड फोनवर क्रोमसह स्वतःची साधने आधीच बसवून घेण्याच्या अटी त्या प्रकरणात होत्या. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले. अमेरिकेतील न्यायालयाने २०२४ मध्ये शोधयंत्राच्या बाजारात गुगलची बेकायदा मक्तेदारी असल्याचे म्हटले. पण सप्टेंबर २०२५ मध्ये क्रोम विकावयास लावण्यास नकार दिला.

मग सीमाभागातील माणसाने क्रोम का सोडावा? खरे सांगावयाचे तर त्याला तो हवासा वाटण्यास एक सबळ कारण आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील मराठी कुटुंबाला जमिनीचा उतारा असो वा एखाद्या योजनेचा अर्ज, सरकारी पान कानडीत मिळते. गुगलच्या भाषांतरयंत्रात कानडी २०११ मध्ये आली, मराठी २०१३ मध्ये. आणि क्रोममध्ये एक कळ दाबली की कानडी पान मराठीत उभे राहते. फायरफॉक्स भाषांतर आपल्याच यंत्रावर करतो, मजकूर बाहेर पाठवीत नाही, पण त्याचा भाषांचा साठा लहान आहे. जे काम राज्यकारभाराने करावयाचे, ते एक परदेशी कंपनी फुकट करून देते, आणि त्या उपकारातूनच तिची पकड घट्ट होते. हे भाषांतर आशय समजण्यापुरते ठीक. कचेरीत ते चालत नाही, आणि सर्व्हे नंबर वा नावे मूळ कानडीशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

दुसऱ्या बाजूने पाहता, फायरफॉक्स आणि सफारी एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर आपला माग काढणाऱ्या कुकी मुळातच पुष्कळशा अडवितात. क्रोममधून त्या हटविण्याची घोषणा गुगलने २०२० मध्ये केली आणि पुढे ती सोडून दिली. जिची मुख्य मिळकत जाहिरातींची, त्या कंपनीकडून याहून वेगळी अपेक्षा कशी करावी?

एकाच फोनवर दोन ब्राउजर सुखाने नांदतात. कानडी पान वाचण्यापुरता क्रोम ठेवावा आणि इतर वाचनासाठी फायरफॉक्स. फोनच्या सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट ॲप्स’ या सदराखाली ब्राउजर बदलता येतो. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.