अंगावर पाजणारी माता आणि तातडीची गर्भनिरोधक गोळी

मूल अंगावर पीत असेतोवर पुन्हा दिवस राहत नाहीत, अशी समजूत खेड्यापाड्यांतून सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतील असावे, त्यास रात्रंदिवस केवळ आईचेच दूध मिळावे आणि आईची पाळी परत सुरू झालेली नसावी. या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तोवरच हा भरवसा धरता येतो. बाळास वरचे दूध वा पेज सुरू झाली, किंवा आई खुरपणीस जाऊ लागून पाजण्यात मोठा खंड पडला, की हा आधार सुटतो. लागोपाठची बाळंतपणे माता व बालक या दोघांच्याही प्रकृतीस अपायकारक होत.

साधन न वापरता संबंध आला अथवा निरोध फाटला, तर लेव्होनॉर्जेस्ट्रेल या औषधाची १.५ मिलिग्रॅमची एक गोळी ७२ तासांच्या आत घ्यावी. जितकी लवकर घ्यावी तितका गुण अधिक. आशा कार्यकर्तीकडे ती ‘ईझी पिल’ या नावाने मिळते. बाळंतपणानंतरचे पहिले २१ दिवस तिची गरज नसते.

ही गोळी बीजकोशातून बीज बाहेर पडणे लांबविते. गर्भ राहिल्यावर मात्र तिचा काही उपयोग होत नाही. तिने गर्भपात होत नाही. दिवस गेल्याचे ध्यानात न येता ती घेतली गेली, तरी गर्भास इजा झाल्याचे आढळलेले नाही. तेव्हा एवढ्याच भीतीपोटी गर्भ पाडण्याचा विचार करू नये. गर्भपाताच्या गोळ्या सर्वस्वी निराळ्या असून त्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेणे धोक्याचे आहे.

गोळीचा अत्यल्प अंश दुधात उतरतो. पण त्याने बाळास अपाय होत नाही, की दूध आटत नाही. म्हणून पाजणे बंद करू नये. मन साशंक असल्यास आधी बाळास पाजावे व मग गोळी घ्यावी. युलिप्रिस्टल नावाच्या दुसऱ्या गोळीची गोष्ट वेगळी आहे. ती घेतल्यास एक आठवडा दूध पिळून टाकून द्यावे लागते. यास्तव वेष्टणावरील औषधाचे नाव वाचून अगर वाचवून घ्यावे.

दोन तासांच्या आत उलटी झाल्यास गोळी पुन्हा घ्यावी. पाळी दोनचार दिवस मागेपुढे होणे संभवते. आठवड्याहून अधिक लांबल्यास ‘निश्चय’ संचाने लघवीची तपासणी करावी.

ही अडीअडचणीची गोळी होय, नित्याचे साधन नव्हे. पुढील संबंधांस तिचे संरक्षण मिळत नाही. स्तनदा मातेस तांबी, ‘छाया’ गोळ्या, बाळंतपणास सहा आठवडे झाल्यावर ‘अंतरा’ इंजेक्शन, आणि पतीने वापरावयाचा निरोध, ही साधने उपलब्ध आहेत. कार्यकर्त्यांनी ही माहिती पतिपत्नी दोघांसही समजावून द्यावी व त्यांची गोष्ट आपल्यापाशीच ठेवावी. गावात बभ्रा होण्याच्या भयाने स्त्री गप्प राहिली, तर ७२ तास सरण्यास वेळ लागत नाही.