एसीतला गॅस ‘संपत’ नाही!

एप्रिल उजाडला की एसी मेकॅनिकचा फोन कायम बिझी. तो येतो, गेज लावतो आणि सांगतो, ‘गॅस संपलाय.’ खरं तर हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमधून तो फिरत राहतो. आत वाफ होताना खोलीतली उष्णता शोषतो, बाहेरच्या युनिटमध्ये ती सोडून पुन्हा द्रव होतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. तो शोधण्याची चिकाटी असेल, तर या कामाचा विचार जरूर करा.

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्यासाठी दहावी पास हवं. नंतर अप्रेंटिसशिप करता येते. बारावी किंवा पदवीनंतरही कुणी अडवत नाही. ‘शिकून-सवरून पाना हातात घेणार?’ असं विचारणारे काका प्रत्येक घरात असतात. मे महिन्यात पहिला फोन त्यांचाच येतो.

दुकानात हेल्पर राहूनही काम येतंच की! येतं, हातही लवकर बसतो. पण ‘सगळे असंच करतात’ हेही तिथेच शिकायला मिळतं. लीक तपासायला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन सोडला, तर कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी संबंध येऊन स्फोट होऊ शकतो. शिवाय आता गॅस बदललेत. जुना आर-२२ ओझोनला घातक, पण सहसा पेटत नसे. नव्या एसींमधला आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. आर-२९० तर चक्क प्रोपेन, म्हणजे घरच्या सिलिंडरमधल्या एलपीजीचाच एक घटक. अशा मशीनची नळी गॅस न काढता, खोली बंद ठेवून टॉर्चने जोडायला घेणं जिवावर बेतू शकतं. जुन्या आर-२२च्या मशीनमध्ये ‘स्वस्त पडतो’ म्हणून हा गॅस भरणंही तितकंच धोक्याचं.

थंडीत घरगुती कामं थंडावतात. म्हणून फक्त स्प्लिट एसीवर थांबू नका. नाशिकच्या द्राक्षांचं प्रीकूलिंग, दूध शीतकरण केंद्रं, बंदरांवरचे बर्फ कारखाने, हॉस्पिटलं, सगळीकडे हेच चक्र मोठ्या आकारात चालतं. इन्व्हर्टर एसीमुळे इलेक्ट्रॉनिक्सही यायला हवं. सर्किट बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला मान वेगळाच.

आणि एक. बाहेरच्या युनिटसाठी चौथ्या मजल्याच्या छज्जावर उतरायची वेळ आली, तर आधी सेफ्टी बेल्ट मागा. मालक ‘अरे, पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणाला तरी.